जुन्या मिनीव्हॅनचं मागचं वायपर ब्लेड बदलायचंय? आधी जोड बघा, मग हात लावा

पुढचे वायपर बिघडले की माणूस दुसऱ्याच दिवशी बदलतो. मागच्याला कुणी विचारत नाही. मी व्हॅन सेकंडहँड घेतली तेव्हा मागचं ब्लेड जे होतं तेच पुढे काही वर्षं तसंच राहिलं, माझ्याआधी ते किती वर्षं होतं देव जाणे, आणि एकदा पावसात रिव्हर्स घेताना मागचा वायपर लावला तर काचेवर चिखलाचा मस्त अर्धगोल उमटला, म्हणजे आधी जे काही थोडंफार दिसत होतं तेसुद्धा गेलं.

म्हटलं पाच मिनिटांचं काम आहे, आपणच करू. पाच मिनिटांचंच आहे खरंतर, पण मला दोन संध्याकाळ लागल्या, दोन चुकीची ब्लेडं आणली आणि आर्मच्या (ब्लेड धरणाऱ्या दांड्याच्या) टोकाचा प्लास्टिकचा तुकडा मोडून ठेवला. सगळं एकाच कारणाने, ब्लेड आर्मला नक्की कसं अडकलंय हे न बघता मी ओढायला सुरुवात केली. पुढचा वायपर बदलायचा अनुभव होता म्हणून मागचाही तसाच निघेल असं वाटलं होतं. तो तसा निघत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

अजून एक, मिनीव्हॅनची मागची काच इतर गाड्यांपेक्षा जास्त घाण होते हा तुमचा भास नाहीये. सेडानची मागची काच तिरकी असते, वारा बराचसा तिच्यावरून सरकत जातो. व्हॅनची पाठ म्हणजे उभा सपाट ठोकळा. गाडी पळत असताना या सपाट पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, तिथे भोवरे तयार होतात आणि चाकांनी उडवलेली धूळ, चिखलपाणी सगळं त्या भोवऱ्यात ओढलं जाऊन थेट काचेवर बसतं. त्यामुळे व्हॅनला मागचा वायपर म्हणजे शोभेची वस्तू नव्हे.

१. आधी नक्की काय गेलंय ते ठरवा

"वायपर खराब झाला" म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. रबर, ते रबर धरणारं ब्लेड, ब्लेड धरणारा आर्म, आणि आर्म हलवणारी मोटर. पैसे कशावर घालायचे ते यावर ठरतं.

काचेवर पाण्याच्या बारीक रेघा राहत असतील तर रबराची कड गेलीय. मधला पट्टा पुसलाच जात नसेल आणि दोन्ही टोकं पुसली जात असतील (किंवा याच्या उलट), तर ब्लेडचा बाक गेलाय किंवा आर्मची स्प्रिंग ढिली झालीय. थरथर करत, उड्या मारत, टकटक आवाज करत जात असेल तर बऱ्याचदा ब्लेडचा दोषच नसतो, काचेवर मेण किंवा तेलाचा थर असतो किंवा आर्मला पीळ बसलेला असतो. मोटरचा आवाज येतोय पण आर्म जागचा हलत नाही, असं असेल तर आर्मचा नट ढिला झालाय किंवा आतले दाते झिजलेत. आणि काहीच हलत नाही, आवाजही नाही, तर आधी फ्यूज बघा, मग मागच्या दाराच्या बिजागरीजवळून जाणाऱ्या वायरी बघा. दार हजारो वेळा उघडून मिटून जुन्या गाडीत त्या वायरी तिथेच तुटतात, आणि मागच्या काचेवर पाणी सोडणारी नळीही बऱ्याचदा तिथेच चिरते.

रबर तपासायला ब्लेड काढायचीसुद्धा गरज नाही. आर्म थोडासा उचला आणि रबराच्या कडेवरून बोट फिरवा. चांगल्या रबराची ओठासारखी पातळ कड बोटाखाली दोन्ही बाजूंना सहज झुकते आणि परत सरळ होते. माझं एका बाजूला झुकून तिथेच राहिलेलं होतं, कडक, आणि मध्ये एके ठिकाणी नखाएवढा तुकडाच नव्हता. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात, त्यामुळे मागचा वायपर तुम्ही वर्षभरात दहा वेळा जरी वापरलात तरी त्याचं वय वाढायचं थांबत नाही. "वापरलाच नाही तर खराब कसा होईल" हा माझा जुना युक्तिवाद होता, तो चुकीचा निघाला.

२. काय काय हाताशी ठेवायचं

- जाड टॉवेल किंवा जुनी चादर, घडी करून (हा सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढे येईल)
- मेजपट्टी, मिलिमीटरवाली
- चपट्या तोंडाचा छोटा स्क्रू ड्रायव्हर
- रबर बदलायचं असेल तर टोकदार पक्कड आणि चांगली कात्री
- कागदी चिकटपट्टी, रंगकाम करताना लावतात ती
- काच साफ करायचं लिक्विड आणि दोन स्वच्छ फडकी
- मोबाइल, फोटो काढायला
- गाडीचं मॅन्युअल असेल तर ते. नसेल तर जुन्या ब्लेडवर किंवा आर्मच्या खालच्या बाजूला पार्ट नंबर कोरलेला असतो का ते बघा, फोनचा टॉर्च तिरका मारला की दिसतो

आर्म काढायची वेळ आलीच तर १० किंवा १३ मिलिमीटरचा पाना आणि गंज सोडवणारा स्प्रे लागेल. बहुतेकांना लागणार नाही.

३. जोड ओळखा (इथे घाई केलीत की मोडलंच)

पुढच्या वायपरला बहुतेक वेळा आर्मचं टोक छत्रीच्या दांड्यासारखं वळवलेलं असतं, ब्लेडमधली छोटी खिट्टी दाबायची, ब्लेड आर्मच्या बुडाकडे सरकवायचं, निघालं. मागच्या बाजूला असं सरळ नसतं. गाडी बनवणाऱ्या प्रत्येकाने इथे आपापलं डोकं चालवलंय. पण फिरून फिरून प्रकार चार-पाचच आहेत.

पहिला, आकडा, म्हणजे हूक. पुढच्यासारखाच. जुन्या व्हॅनमध्ये मागेही सापडतो. सापडला तर तुम्ही नशीबवान.

दुसरा, फिरवून काढायचा. हा मागच्या वायपरमध्ये भरपूर दिसतो आणि लोक जास्त करून यालाच मोडतात. यात ब्लेडच्या मधोमध एक आडवी पिन असते आणि आर्मच्या टोकाला प्लास्टिकची उघडी चिमटी, किंवा याच्या उलट. रोजच्या वापरात ब्लेड त्या पिनभोवती थोडंसं डुलतं. काढण्यासाठी ते नेहमीच्या डुलण्याच्या पलीकडे, साधारण काटकोनापर्यंत फिरवायचं, म्हणजे पिन चिमटीच्या उघड्या तोंडासमोर येते, आणि मग थोडा जोर लावला की टक् आवाज करून सुटते. ब्लेड आर्मला समांतर असताना कितीही ओढा, येणार नाही. आलंच तर तुकड्यांत येईल.

तिसरा, दोन्ही बाजूंना बटणं. जोडाच्या डाव्या-उजव्या अंगाला छोटे उंचवटे किंवा चौकोनी भोकात अडकलेले खटके दिसतात. दोन बोटांत धरून दोन्ही एकदम दाबायचे आणि ब्लेड बाहेर खेचायचं. एकच दाबून चालत नाही.

चौथा, बाजूची पिन. आर्मच्या टोकातून एक पिन आडवी बाहेर आलेली असते, ब्लेड तिच्यावर बाजूने घुसवलेलं असतं. ब्लेडवरची छोटी पट्टी स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचलायची आणि ब्लेड बाजूला सरकवायचं.

आणि पाचवा म्हणजे जोडच नाही, आर्म आणि ब्लेड एकसंध. अशा वेळी एकतर नुसतं रबर बदलायचं किंवा अख्खा आर्म.

आपला कुठला हे ओळखायला आर्म थोडा उचलून जोड आधी धुवा. हो, धुवा. माझ्या जोडात इतकी माती घट्ट बसली होती की चिमटी आणि पिन वेगळ्या आहेत हेच कळत नव्हतं, मला तो एकच ठोकळा वाटला. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी, दोन मिनिटं घासलं की खाचा उघड्या पडतात. मग तीन फोटो काढा: वरून, बाजूने, आणि खालून काचेकडच्या अंगाने. हे फोटो नवीन ब्लेड निवडताना कामी येतात आणि परत बसवताना तर फारच.

४. माप घ्या

रबर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा, प्लास्टिकचं टोपण धरून नाही. मागची ब्लेडं साधारण २५० ते ४०० मिलिमीटरच्या आत असतात, म्हणजे ढोबळ १० ते १६ इंच. पाकिटावर कधी इंच असतो कधी मिलिमीटर, १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, एवढा हिशोब डोक्यात असू द्या.

दुसरं माप कुणी घेत नाही, मीही घेतलं नव्हतं. जोड ब्लेडच्या बरोबर मध्यावर आहे की एका बाजूला सरकलेला आहे? मागच्या बऱ्याच ब्लेडांमध्ये तो मध्यावर नसतो. मी आणलेलं पहिलं ब्लेड लांबीला अगदी बरोबर होतं, जोडही जुळला, लावलं, आणि वायपर चालू केल्यावर त्याचं वरचं टोक काचेच्या कडेवरच्या रबरपट्टीवर जाऊन आपटायला लागलं, कारण त्याचा जोड मधोमध होता आणि माझ्या मूळ ब्लेडचा खालच्या टोकाकडे, म्हणजे... नाही, वरच्या टोकाकडे. बघा, अजूनही गोंधळ होतो. म्हणून जोडापासून दोन्ही टोकांपर्यंतची अंतरं वेगवेगळी लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट, बाक. मागची काच कधी जवळजवळ सपाट असते, कधी चांगलीच गोलाई असलेली. जुनं ब्लेड आणि नवीन ब्लेड शेजारी ठेवून दोघांचा बाक साधारण सारखा दिसला पाहिजे. सपाट काचेसाठीचं ब्लेड गोल काचेवर लावलं की टोकं हवेत राहतात.

गाडीचं नाव आणि साल सांगून ब्लेड मागवणार असाल तर एक सापळा आहे. एकाच नावाच्या व्हॅनचा साचा मधल्याच एखाद्या वर्षी बदललेला असतो, आणि काही व्हॅन दोन प्रकारच्या मागच्या दारांत येतात, वर उचलायचं एकच दार किंवा कपाटासारखी दोन दारं. दोन दारांवाल्याला बऱ्याचदा प्रत्येक काचेवर छोटा वायपर असतो. यादीत तुमच्या गाडीचं नाव आहे म्हणून ब्लेड तुमचंच, असं नाही. माझं दुसरं चुकीचं ब्लेड इथूनच आलं. फोटो आणि माप, या दोघांवरच भरवसा ठेवा.

लांबीला अगदी तेवढंच मिळत नसेल तर थोडं छोटं चालतं, मोठं नको. छोट्याने कडेची पट्टी पुसायची राहते, बस. मोठं मात्र कुठेतरी आपटतं, आणि ते आपटणं शेवटी मोटरवर येतं.

५. हात लावायच्या आधीची तयारी

किल्ली काढून खिशात. बऱ्याच गाड्यांत पुढचे वायपर चालू असताना रिव्हर्स गिअर टाकला की मागचा वायपर आपोआप फिरतो, आपण तिकडे बोटं घालून उभे असताना कुणी आत बसून गिअर हलवलेला नको.

वायपर बंद असताना जिथे थांबतो ती जागा काचेवर चिकटपट्टी लावून खूण करून ठेवा. आर्म काढायचा नसला तरी ठेवा, चुकून हलला तर परत कुठे आणायचा ते कळतं.

आता टॉवेल. पुढची काच दोन थरांमध्ये चिकट पडदा घालून केलेली असते, तिला मार बसला तर तडा जातो पण ती जागच्या जागी राहते. मागची काच शक्यतो कडक केलेली एकेरी असते, तिला टणक टोकाचा नेमका फटका बसला तर तडा नाही, अख्खी काच बारीक खड्यांचा ढीग होऊन खाली येते. ब्लेड काढलं की आर्मचं उघडं टोक राहतं आणि आर्ममधली स्प्रिंग त्याला काचेकडे खेचत असते. हातातून निसटला की तो थेट काचेवर. माझा निसटलाय. टॉवेल होता म्हणून नुसता धप्प आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा. टॉवेलची जाड घडी आर्मच्या टोकाखाली काचेवर ठेवा, आणि ती घसरत असेल तर चिकटपट्टीने चिकटवा.

मागचा आर्म पुढच्यासारखा पूर्ण उभा राहील अशी अपेक्षा ठेवू नका. काही तीस-चाळीस अंशांवरच अडतात, काही उभे राहतात पण तिथे टिकत नाहीत. अडला की अडला, आणखी रेटू नका, बुडाशी असलेलं प्लास्टिकचं झाकण फुटतं. एका हाताने आर्म धरायचा, दुसऱ्याने काम. मदतीला कुणी असेल तर आर्म धरायचं काम त्याला द्या.

मागचं दार उघडून, उंच करून हे काम करू नका. जुन्या व्हॅनच्या दाराचे गॅसचे दांडे कमजोर झालेले असतात, आणि त्या दाराचं वजन डोक्यात पडल्यावरच कळतं.

थंडीत करत असाल तर जोडावर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दोन मिनिटं गुंडाळून ठेवा, जुनं प्लास्टिक गारठलेलं असलं की बिस्किटासारखं तुटतं. कोमट म्हणजे कोमट. उकळतं पाणी गार काचेवर ओतू नका.

६. जुनं ब्लेड काढा

तयारी नीट झाली असेल तर इथे सांगण्यासारखं फार उरत नाही. आर्म जेवढा येतो तेवढा उचला, जोड ज्या प्रकारचा त्याप्रमाणे खटका दाबा किंवा ब्लेड फिरवा, आणि काढा.

फिरवून काढायच्या प्रकारात ब्लेडला टोकाकडून धरू नका. टोकाला धरलं की तरफ लांब होते, जोर आपल्याला वाटतो त्याच्या कितीतरी पट जोडावर पडतो. जोडाच्या अगदी जवळ, दोन्ही बाजूंना अंगठा आणि बोटं लावून धरा, दुसऱ्या हाताने आर्मचं टोक घट्ट पकडा म्हणजे जोर आर्मच्या बुडाकडे जाणार नाही. मग फिरवा. एका बाजूने अडलं तर दुसऱ्या बाजूने बघा.

मी काय केलं ते सांगतो. ब्लेड समांतर धरून खाली ओढत बसलो, मग वर ओढलं, मग स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं. चिमटीचा एक ओठ तुटून अंगणात उडाला. चिमटी आर्मचाच भाग होती, म्हणजे नुसतं ब्लेड बदलून भागणार नव्हतं, आर्मसुद्धा बदलणं आलं. तर, दोन वेळा नीट प्रयत्न करूनही निघत नसेल तर तिसऱ्यांदा जोर वाढवू नका, फोटो मोठा करून परत बघा. बहुतेक वेळा प्रकार ओळखायलाच चुकलेलं असतं.

ब्लेड निघाल्यावर आर्म टॉवेलवर अलगद टेकवा. सोडू नका, टेकवा.

७. नुसतं रबर बदलायचं असेल तर

ब्लेडचा सांगाडा चांगला असेल, पार्टच मिळत नसेल किंवा पाचव्या प्रकारचा एकसंध आर्म असेल तर नुसतं रबर बदलता येतं. काम किचकट आहे, पण जमतं.

रबराच्या दोन्ही अंगांना खाचा असतात आणि त्यांत पोलादाच्या दोन पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. हे सगळं ब्लेडच्या छोट्या नख्यांमधून ओवलेलं असतं. एका टोकाला रबर नखीत अडकवून बंद केलेलं असतं, दुसरं टोक मोकळं. बंद टोकाकडच्या नखीतून रबर पकडीने थोडं ओढून सोडवा, मग सगळं त्या बाजूने सरकवून बाहेर काढा. पट्ट्या काढताना बघून ठेवा, त्यांना बाक असतो आणि खाच असते. दोन्ही पट्ट्यांचा बाक एकाच दिशेला, आणि खाचा रबरातल्या उंचवट्यांवर, अशाच परत बसल्या पाहिजेत. उलट्या बसल्या तर रबर चालता चालता सरकून बाहेर येतं, मग उघड्या नख्या काचेवर घासतात आणि तो ओरखडा कायमचा.

नवीन रबर लांब असेल तर जुन्याशी लावून, मोकळ्या टोकाकडून कात्रीने एका फटक्यात सरळ कापा. ओवताना रबर सुकं घासत असेल तर साबणाचं पाणी लावा. तेल नको, तेल काचेवर उतरतं.

८. काच साफ करा, नाहीतर नवीन ब्लेडही जुन्यासारखंच पुसेल

नवीन ब्लेड घाणेरड्या काचेवर लावलं तर पहिल्याच फेरीत मातीचे कण त्याची कड खातात. आधी भरपूर पाण्याने धुवा, मग लिक्विडने पुसा. नंतर ओल्या बोटाने काचेवरून हात फिरवा, जिथे खरखरीत लागेल तिथे अजून चिकटलेलं काहीतरी आहे. जुन्या गाडीत जिथे वायपर वर्षानुवर्षं थांबतो तिथे काळी रेघ हमखास असते, रबराचीच. ती घासून निघते, दम लागतो. गाडी धुताना मेण मारलं असेल तर पाणी टाकल्यावर थेंब थेंब होऊन पळतं, आणि अशा काचेवर नवं कोरं ब्लेडही थरथरतं.

पाती घेऊन खरवडायची हौस असेल तर फक्त बाहेरून. आतल्या बाजूला डिफॉगरच्या, म्हणजे काच गरम करून दव घालवणाऱ्या तारांच्या, बारीक रेघा असतात, त्यातली एक तुटली की तेवढ्या पट्ट्यातलं दव जात नाही.

हाताशी आहेच तर आर्मची स्प्रिंग पण बघा. आर्म उचलून हळूच सोडताना तो ठामपणे काचेकडे ओढला गेला पाहिजे. १९०३ साली अमेरिकेतल्या मेरी अँडरसनने खिडकी पुसायच्या ज्या यंत्राचं पेटंट घेतलं ते गाडीच्या आतून दांडा ओढून चालवायचं होतं, आणि त्यातही रबर काचेला चिकटून राहावं म्हणून वजन लावलेलं होतं. त्या वजनाचं काम आता ही स्प्रिंग करते, आणि ती गंजून ढिली झाली की कितीही भारी ब्लेड लावा, काचेवरून तरंगतच जाणार. नुसता सांधा अडकत असेल तर तेलाचा एक थेंब पुरतो, खाली टॉवेल ठेवूनच.

९. नवीन ब्लेड बसवा

काढलं त्याच्या बरोबर उलट क्रमाने. फिरवून काढलं असेल तर काटकोनात धरून पिन चिमटीत दाबायची, टक् झालं की ब्लेड आर्मला समांतर आणायचं. खटकेवालं असेल तर सरळ रेटायचं. आवाज आला नाही तर बसलं नाही. बसल्यावर हलकेच ओढून बघा, आणि ब्लेड पिनभोवती थोडंसं डुलतंय ना ते बघा. अजिबात डुलत नसेल तर ते काचेच्या गोलाईबरोबर वळणार नाही.

जोड मध्यावर नसलेलं ब्लेड उलटंही बसतं. तेव्हा पहिले फोटो काढा बाहेर आणि लांब बाजू कुठे होती ते जुळवा.

आणि नव्या रबरावर प्लास्टिकचं पातळ आवरण असतं, ते काढा. मला माहितीये तुम्ही म्हणाल एवढं कोण विसरतं. पारदर्शक असतं, रबरावर नीट बसलेलं असतं आणि दिसतच नाही. मी विसरलो नाही, पण फक्त वाचून ठेवलं होतं म्हणून.

१०. चालवून बघा

टॉवेल काढा, आर्म हाताने काचेवर टेकवा. कोरड्या काचेवर चालवू नका, आधी पाणी मारा. मग गाडीतल्या माणसाला पाच-सहा फेऱ्या मारायला सांगा आणि तुम्ही मागे उभं राहून बघा. दोन्ही टोकं कुठे आपटत नाहीत ना, थांबल्यावर तुमच्या चिकटपट्टीच्या खुणेवर येतोय ना.

एका दिशेला जाताना स्वच्छ पुसतो आणि परत येताना थरथरतो, असं झालं तर आर्मला पीळ आहे. रबराची कड काचेला काटकोनात टेकली पाहिजे, म्हणजे दिशा बदलली की ती दुसऱ्या अंगाला झुकते. आर्म तिरका असेल तर ती झुकतच नाही, ढकलली जाते. धातूचा आर्म असेल तर ब्लेड काढून, टोकाजवळ फडकं गुंडाळून पकडीने अगदी केसभर पीळ देता येतो. प्लास्टिकचा असेल तर तो नाद सोडा, आर्म बदला.

११. आर्मच बदलायची वेळ आली तर

माझ्यासारखी. बुडाशी असलेलं टोपण उचला, खाली नट. काही गाड्यांत पाण्याचं नोझल इथेच दांड्याच्या मधून येतं, टोपण उचकटताना ते तोडू नका. नट काढा, तो सहज निघतो. आर्म निघत नाही. त्याच्या आतले बारीक दाते मोटरच्या दांड्यावर रुतलेले असतात आणि वर्षानुवर्षांच्या पाण्याने तिथे गंज धरतो. स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा, आर्म उचललेल्या अवस्थेत बुडाशी धरून डावीकडे-उजवीकडे बारीक बारीक हलवा. स्क्रू ड्रायव्हर काचेवर टेकवून उचकटायचा मोह होईल, नका करू, काचेचं वर सांगितलंय. हलवून नाहीच निघाला तर दोन पायांचा छोटा पुलर (रुतलेला भाग ओढून काढायचं हत्यार) मिळतो, तो लावला की मिनिटभरात येतो. मी पुलर शोधायच्या आधी पाऊण तास हाताने झटापट केली.

नवीन आर्म बसवण्याआधी मोटर रिकामी एकदा चालू करून बंद करा म्हणजे दांडा त्याच्या थांबायच्या जागी येईल, मग दाते ब्रशने साफ करून आर्म चिकटपट्टीच्या खुणेवर धरून बसवा. नट घट्ट करा पण अंगातला सगळा जोर लावू नका, आटे गेले तर मोटरच बदलावी लागते. पहिल्या पावसानंतर नट परत एकदा तपासा.

जुनं ब्लेड तोपर्यंत फेकू नका, डिकीत राहू द्या. माझं नवीन ब्लेड चौथ्या दिवशी अर्धवट सुटून लोंबत होतं, टक् आवाज आलाच नव्हता, मी आपलं आला असं धरून चाललो होतो.